सोजरसाठी रोजची दहा मिनिटं

नांदेडच्या दवाखान्यात त्या सकाळी मी खाली चहाला गेलो होतो. पहाटेपासून सोजरच्या, माझ्या बायकोच्या, उशाशी बसून होतो. लेक औषधं आणायला गेलेला. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, घोटभर चहा घेऊन या, मी आहे इथं." कप हातात घेतला, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वॉर्डातला माणूस ओरडायला लागला, "सोजराबाईचे कोण आहेत? सोजराबाईचे कोण?" तीनदा पुकारलं त्यानं. मी तसाच उभा. सगळी नोकरी मी हिंगोलीच्या कोर्टात शिपाई म्हणून काढली, दारात उभं राहून लोकांची नावं पुकारली. पुकारा झाला की माणूस कसा दचकतो, टोपी सावरतो, चप्पल काढावी का घालावी तेही त्याला सुचत नाही, हे मी हजारदा पाहिलं होतं. कधी हसलोही असेन. त्या दिवशी माझा पुकारा झाला, आणि माझ्या तोंडातून 'हजर' निघेना... शेजारच्या माणसानं माझ्या हातातला कप काढून घेतला तेव्हा मी जिना चढायला लागलो. वर काय झालं असेल ते मला पहिल्याच पायरीवर कळलं होतं.

त्याला आता सहा आठवडे होतील. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, लेक त्याच्या नोकरीवर गेला. जो तो येऊन सांगतो, "कोर्टातल्या बाई गेल्या, मोठ्या हुशार होत्या." होतीच. पण लोकांनी तिला जज्जसाहेबांच्या खाली, वही-पेन्सिल घेऊन खुर्चीवर बसलेली पाहिली. त्या खुर्चीपर्यंत ती कशी गेली हे पाहणारा मी एकटा उरलो आहे. म्हणून लिहायला बसलो. मी चवथीपर्यंत शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो. त्या वेळी मी कशाला भिऊन होतो तेही लिहितो. आता लपवून कुणापासून लपवायचं?

गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या सालांतली. तेव्हा हिंगोलीचा जिल्हा झाला नव्हता, परभणीत मोडायची. माझं गाव कळमनुरीकडचं, तिचं माहेर जवळा बाजार. ती मॅट्रिक पास होती, त्यांच्या आळीतली पहिली पोरगी. लग्नानंतर टायपिंग शिकली आणि कोर्टात हंगामी टंकलेखक म्हणून लागली. मी दारात, ती आतल्या खोलीत मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली एका डब्यात खायचो. वकील लोक चेष्टा करायचे, "काय रे, तुझं घर सरकारी खर्चानं चालू आहे का?" मी म्हणायचो, "साहेब, चटणी घरचीच आहे."

साक्षी लिहून घ्यायचं काम तेव्हा पेशकारसाहेबांकडं होतं. पेशकार म्हणजे कोर्टातला लिहिणारा. म्हातारे गृहस्थ, निजामाच्या काळात उर्दूत लिहायचे, राज्य बदललं तसे देवनागरी शिकून मराठीत लिहू लागले. अक्षर मोत्यासारखं. पण हात सावकाश. साक्षीदार बोलायला लागला की त्यांचा हात वर व्हायचा, "ठैरो बाबा, कलम पीछे रह गई." साक्षीदार थांबायचा. परत सुरू करायचा तोवर काय सांगत होतो तेच विसरायचा. आमच्याकडची माणसं बोलतात ती एका धारेत बोलतात. विहिरीचं सांगताना मधेच भावजयीचं येतं, मग बैल येतो, मग परत विहीर. त्यांना मधे अडवलं की ती घाबरतात. मग जज्जसाहेब त्याच्या वतीनं वाक्य सांगायचे, 'साक्षीदार म्हणतो की सदर विहीर सामाईक आहे,' आणि पेशकारसाहेब ते लिहायचे. शेवटी वाचून दाखवायचं. ते ऐकताना साक्षीदार असा बघायचा जसं दुसऱ्याच कुणाचं सांगून राहिले. पण 'व्हय साहेब' म्हणायचा आणि अंगठा द्यायचा. मी दारातून रोज पाहायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कोर्टात असंच असतं, असं वाटायचं.

मग एक दिवस जज्जसाहेबांनी सांगितलं, लघुलेखकाची एक जागा मंजूर झाली आहे. मराठी शॉर्टहॅन्डची ऐंशीची परीक्षा पास पाहिजे. ऐंशी म्हणजे मिनिटाला ऐंशी शब्द, बोलणारा बोलेल तसे उतरवायचे. ते सोजरला म्हणाले, "बाई, तुमची इच्छा असेल तर शिका. पुढच्या दोन परीक्षांपर्यंत मी जागा धरून ठेवतो. त्यानंतर वरून जो येईल तो येईल, आणि मग तुमची हंगामी नोकरीही राहील असं मला सांगता येत नाही." म्हणजे पास झाली तर खुर्ची, नाही तर घर. एवढं सरळ होतं ते.

गावात एक टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. मास्तर एकटेच, तेच झाडायचे, तेच मशीनला तेल घालायचे, तेच शॉर्टहॅन्ड शिकवायचे. सोजर कोर्ट सुटल्यावर तिथं जायची आणि येऊन मला वही दाखवायची. नुसत्या रेघा, आकडे आणि ठिपके. एक रेघ बारीक काढली की एक अक्षर, तीच दाबून काढली की दुसरं. मी म्हणालो, "हे तर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं दिसून राहिलं." ती म्हणाली, "कोंबडीला दाणा सापडतो तवा तुमी बघता ना? मंग गप बसा." चार महिन्यांत तिला सगळ्या रेघा आल्या. अडलं ते वेगापाशी. वेग वाढवायला कुणीतरी रोज समोर बसून वाचून दाखवावं लागतं. मास्तरांना पंधरा पोरं, तिच्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस यायचे. बाकीच्यांना भाऊ होते, बाप होते, पेपर वाचून दाखवायचे. सोजरला मी होतो.

मास्तरांच्या पुस्तकातले उतारे ती घरी उतरवून आणायची. दर वीस शब्दांवर एक तिरपी रेघ मारलेली असायची. घड्याळाचा बारीक काटा पाव चक्कर फिरला की बोलणारा त्या रेघेपाशी पोचला पाहिजे. माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मनगटी घड्याळ मी पाटावर ठेवलं आणि पहिल्या दिवशी वाचायला बसलो. 'धरणामुळे... परि...सरा...तील... शेत...कऱ्यांना...' काटा पुरी चक्कर मारून आला तरी मी पहिल्या रेघेपाशी पोचलो नव्हतो. ती पेन्सिल धरून थांबलेली. हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "पाणी प्या, परत सुरू करू." मला इतकी लाज वाटली की मी घड्याळ उचललं आणि बाहेर जाऊन बसलो. सोयरीक जमली तेव्हा आमच्या लोकांनी मुलगा सातवी पास म्हणून सांगितलं होतं. ती लग्नानंतर कधीच त्याबद्दल बोलली नव्हती. आता बोलायची गरजच नव्हती, घड्याळच बोलत होतं.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती. मला पाठ फार लवकर व्हायचं. दिवसाचे चाळीस पुकारे मी कागद न बघता द्यायचो, बापाच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू भाकरी थापताना मला तो उतारा वाचून दाखव. मी पाठ करतो. मंग मी म्हणतो, तू लिही." झालं. दोन दिवसांत धरण पाठ झालं. आठवड्यात साखर कारखाना. मग अल्पबचत, मग कुटुंब नियोजन, मग एक कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं भाषण. असे सात उतारे. रोज दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटं मी समोर बसायचो, डोळे घड्याळावर ठेवायचो आणि धडाधड म्हणायचो. काटा आणि तिरपी रेघ बराबर जुळायला लागली. ती आधी मागं राहायची, मग सोबत यायला लागली. नंतर तर मी ऐंशीचा वेग नव्वदावर नेला, नव्वदाचा शंभरावर, तरी एक शब्द सुटेना. मी कोर्टात सगळ्यांना सांगत सुटलो, "आमची बाई शंभरानं लिहिते." पेशकारसाहेब ऐकून घ्यायचे आणि चष्मा पुसायचे. म्हणायचे, "अच्छा है, बेटा. हमारा तो हाथ अब थक गया."

परीक्षा परभणीला होती. मला रजा मिळाली नाही, ती तिच्या भावासोबत गेली. संध्याकाळी मी स्टँडवर उभा. शेर-दोन शेर जिलेबी आणावी असं मनात होतं, पण आधी तिच्या तोंडून ऐकावं म्हणून थांबलो. ती एसटीतून उतरली, आणि मला तिचा चेहरा पाहूनच कळलं. घरी आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अवो, मला काहीच येत न्हाई."

"येत न्हाई काहून? शंभरानं लिहितेस ना तू!"

"तुमचं लिहिते. तुमी धरण म्हणाले की माझा हात तुमच्या आधी पुढं पळतो. मला पाठच होतं सगळं. तिथं बाईंनी वाचायला सुरुवात केली, नवंच काहीतरी, आणि माझा हात वाट पाहत राहिला की आता धरण येईल... मी ऐकतच नव्हते हो. इतके महिने मी ऐकलंच न्हाई."

मी पाठ केलं, आणि रोज ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं. दोघांनी मिळून पाठांतर केलं आणि त्याला शॉर्टहॅन्ड समजलो. वाचता येणाऱ्या माणसानं रोज नवा पेपर वाचला असता तर हे झालं नसतं. हे मी तिला म्हणालो. मी म्हणालो, "चूक माझी. माझ्या चवथीची." ती म्हणाली, "आता जेवता का चूक चाटत बसता?" आणि उठून चुलीपाशी गेली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

एक परीक्षा गेली होती. दुसरी सहा महिन्यांवर. मी तिला म्हणालो, मास्तरांच्या दुसऱ्या कुणा पोराला रोज बोलवू, तो वाचेल. तिनं वही समोर ठेवली आणि म्हणाली, "परका पोरगा नको. तुमी बोला. नुसतं बोला, पाठ न करता. मला माहीत नसलेलं काहीतरी सांगा. रोज नवं. एकदा सांगितलेलं परत न्हाई सांगायचं."

"काय सांगू? कोर्टातलं तर तुला सगळं म्हाईत."

"कोर्टातलं नकोच. तुमचं सांगा."

आता ही मोठी तकलीफ होती. मी पुकारा देणारा माणूस, नाव आणि बापाचं नाव, त्यापुढं बोलायची मला सवय नाही. आमच्यात नवरा-बायको बोलायची पण रीत नव्हती. 'वाढ,' 'पाणी दे,' 'आलो' यात दिवस निघायचा. पहिल्या दिवशी मी दोन वाक्यं बोललो आणि गप झालो. ती पेन्सिल धरून बसलेली. "बोला की. काटा चालू आहे." मग मी आमच्या म्हशीचं सांगितलं. कयाधूला पूर आला तेव्हा म्हैस कशी वाहून गेली आणि तीन कोसांवर दुसऱ्याच्या गोठ्यात कशी सापडली, ते. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही. पाठांतराचा एक उपयोग झाला होता, ऐंशीची चाल माझ्या जिभेवर बसली होती. न बघता मी त्याच चालीनं बोलायचो.

आणि मग तिनं वाचून दाखवलं. रेघा बघत बघत, अडखळत, पण माझंच सगळं. माझं 'म्हैस लई शहाणी बरं का,' ते पण. जल्मात माझं बोलणं कुणी मला परत वाचून दाखवलं नव्हतं. मी बोललेलं काही लिहून ठेवण्यासारखं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

तिथून पुढं मी दिवसभर पुकारे देता देता मनात शोधत राहायचो, आज काय सांगू. आईचं सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना बोट चेचलं त्याचं सांगितलं. शाळेत मास्तर पाटी लांबून बघायचे, हातात घ्यायचे नाहीत, आणि मी एक दिवस पाटी तिथंच ठेवून निघून आलो, ते सांगितलं. तोवर सगळ्यांना मी 'बाप वारला म्हणून शाळा सुटली' असंच सांगत आलो होतो. एका दिवशी मी घसा साफ केला आणि सातवीचं सांगितलं. म्हणालो, सोयरिकीत आमच्या लोकांनी खोटं सांगितलं आणि मी शेजारी बसून मान हलवली. ती खाली मान घालून लिहीत राहिली. वाचून दाखवलं आणि शेवटी गंभीर तोंड करून म्हणाली, "साक्षीदारानं हे राजीखुशीनं सांगितलं का धाकदपटशानं?"

मी म्हणालो, "घड्याळाच्या धाकानं."

मग हसली. पोट धरून हसली. "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," म्हणाली. "लग्नपत्रिकेवरचं माझं नाव वाचायला तुमाला दोन स्टॉप लागले एसटीत."

एक गोष्ट मात्र मी टाळत होतो. आम्हाला पहिली मुलगी झाली होती. ती नऊ दिवस जगली. त्या दिवशी मी तिला मातीत ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी शिपायाचा पट्टा घालून कोर्टात गेलो. सोजरशी मी त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. तीही बोलली नाही. लोकांना वाटलं मी दगड आहे. कदाचित तिलाही वाटलं असेल... परीक्षेला महिना राहिला होता. माझ्याजवळचं नवं संपत आलं होतं. त्या संध्याकाळी मी बसलो आणि तेच निघालं तोंडातून. की तिला नेताना कापड लहान पडलं नाही, मोठंच झालं. की मी खड्ड्यात उतरलो आणि मला वर येऊ वाटेना. की दुसऱ्या दिवशी कोर्टात मी एक नाव चार वेळा पुकारलं, आणि माणूस समोर उभा होता. आपली पोरगी कुणासारखी दिसत होती ते मला सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही. असं सगळं. तिचा हात चालूच. एकदाही थांबला नाही. मला राग आला, खरं सांगतो. वाटलं, हिला परीक्षाच दिसते का?

दहा मिनिटं झाली. तिनं वाचून दाखवलं, सगळं, शेवटपर्यंत, आवाज न हलवता. मग वही मांडीवर ठेवून म्हणाली, "एक शब्द सुटला माझा."

मी म्हणालो, "बराबर तर होतं सगळं."

"न्हाई. तुमी 'आपली पोरगी' म्हणाले. माझं नुसतं 'पोरगी' आलं." आणि तिनं पेन्सिलीनं त्या ओळीत, वरच्या बाजूला, एक बारकी रेघ काढली. मग पेन्सिल खाली ठेवली... आम्ही दोघं किती वेळ तसेच बसलो, ते काही त्या वहीत नाही.

आता माझ्या भीतीचं सांगतो. परीक्षा जवळ येत होती तशी मला दोन्हीकडून चैन पडेना. ती नापास झाली तर घरी बसेल, माझ्यामुळं. आणि पास झाली तर? पास झाली तर ती जज्जसाहेबांच्या खाली खुर्चीवर बसेल, मी दारात पट्टा घालून उभा राहीन. पण ते दारात उभं राहणं मला जड नव्हतं. मला भीती दहा मिनिटांची होती. परीक्षा संपली की ती संपणार. मग माझं बोलणं कुणाला लागणार? परत 'वाढ' आणि 'आलो'. कधी कधी वाटायचं, व्हावी अजून एक डाव नापास. हे मी लिहून राहिलो, कारण ती नाही म्हणून. असती तर लिहायचं धाडस झालं नसतं. न्हाई... असती तर तिलाच सांगितलं असतं.

दुसऱ्या परीक्षेला मी रजा काढून गेलो. बाहेर कडुलिंबाखाली बसलो. ती आली ती घामानं डबडबलेली, म्हणाली, "सिंचनावर होतं, पण धरण न्हाई आलं." निकाल लागला तेव्हा मास्तर स्वतः कोर्टात सांगायला आले. त्यांच्या पंधरा पोरांत तिघं पास, त्यात सोजर. पेशकारसाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हातपाय धुतले आणि ओट्यावर जाऊन बसलो. दिवेलागणी व्हायला आली. आत गेलो नाही. घड्याळ मनगटावरून काढलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली, वही-पेन्सिल घेऊन.

"काय झालं? बसायचं न्हाई का आज?"

मी म्हणालो, "आता काहून? पास झालीस तू."

"मी पास झाले. तुमचं सांगून झालं का सगळं?"

"न्हाई."

"मंग?" ती समोर बसली, माझं मनगट ओढलं आणि घड्याळ स्वतःच सोडून घेतलं. "शंभराची परीक्षा देईन मी कधीतरी. बोला."

शंभराची परीक्षा तिनं कधी दिली नाही. मी पण कधी विचारलं नाही.

खुर्चीवर बसल्यावरचा तिचा पहिला साक्षीदार मला आठवतो. सेनगावकडची म्हातारी होती, बांधावरच्या मारामारीत तिच्या लेकाला लागलं होतं. मीच पुकारा दिला. म्हातारी उभी राहिली आणि सवयीनं दोन शब्द बोलून थांबली. तिला कुणीतरी बजावलेलं होतं, लिहिणारा मागं राहतो म्हणून. सोजर म्हणाली, "बोला मावशी, थांबू नका, मी आहे तुमच्यासंगं." आणि म्हातारी सुटली. बांध, लेक, कुऱ्हाड, सुनेचं बाळंतपण, परत बांध. जज्जसाहेब मधे पडले नाहीत. कोर्टात नुसता पेन्सिलीचा आवाज. नंतर सोजरनं मशीनवर उतरवून आणलं आणि वाचून दाखवलं. म्हातारी आधी खाली बघत होती, मग हळूहळू मान वर केली. शेवटी म्हणाली, "व्हय बाई. असंच म्हणले मी. ही मीच हाय." अंगठा देताना तिनं सोजरचा हात धरून ठेवला.

पेशकारसाहेब कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. जेवणाच्या सुट्टीत ते चिंचेखाली आले, उभ्याउभ्याच सोजरला म्हणाले, "बेटी, तीस बरस लिख्या मैं. किसीने मेरे को ऐसा नै बोल्या." आणि त्यांनी आपला टाक तिच्या डब्याशेजारी ठेवला. ती घेईना. ते म्हणाले, "रख ले. अब इसको भी आराम दे."

पुढं तिनं पुष्कळ वर्षं तिथं काम केलं. निकालसुद्धा तिच्या वहीत आधी उतरायचा. लोक मला गाठायचे, "बाईंना विचार ना रे, काय होणार." मी एकदाच विचारलं. तिनं भाजीची जुडी माझ्यापुढं टाकली, "निकाल विचारायचा न्हाई. ही निवडा." नंतर कॉम्प्युटर आला, पन्नाशीत तो शिकली. पोरी नव्या लागल्या त्यांना शॉर्टहॅन्ड नको असायचं, डायरेक्ट टाईप करायच्या. ती त्यांना सांगायची, "काहीबी वापरा, पण आधी ऐका. हात पुढं पळू देऊ नका." आता म्हणे मशीनपुढं नुसतं बोललं की अक्षरं उमटतात. बरं आहे. मशीनला आमच्यासारखं पाठ होत नसेल.

मागल्या वर्षी तिला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. वाचा पण बरीच गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. मला ते सांगायची गरज नव्हती. दिवेलागणीच्या आधी मी खाटेजवळ स्टूल ओढायचो. आयुष्यभर सांगून माझं बहुतेक संपलं होतं, कधी चुकून जुनंच सांगायला लागलो की ती डाव्या हातानं 'पुढं' अशी खूण करायची. ऐकलंय म्हणून. तेवढा नियम तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

तिच्या वह्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. लेक म्हणाला, "बाबा, या कुणाला वाचता येणार आहेत?" मी म्हणालो, राहू दे. त्यात माझंच बोलणं आहे, मला माहीत आहे काय ते.

खाट मी तिथंच ठेवली आहे. दिवे लागायच्या आधी स्टूल ओढून बसतो. पहिले काही दिवस काय सांगावं सुचेना. मग लक्षात आलं, आता तर तिला माहीत नसलेलं रोजच घडतं. कढीपत्त्याला पाणी शेजारची लताबाई घालते, हे तिला माहीत नाही. विहारात परवा तिच्या नावानं खीर वाटली, लेकानं गावाहून येऊन वाढली, आणि सून रडली, हे माहीत नाही. भाकरी मला थापता येते, फुगत नाही, हेही माहीत नाही. सांगतो. ऐंशीच्याच चालीनं सांगतो, जास्त घाई करत नाही. दहा मिनिटं झाली की थांबतो. वाचून दाखवायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गप बसून राहतो... मग उठतो आणि दिवा लावतो.